झाकणभर पाणी

वसईला जाऊन आले म्हटलं की कऱ्हाडात पहिला प्रश्न येतो, ‘किल्ला पाहिला का?’ नाही पाहिला. किल्ल्याला खेटून पाचूबंदर आहे, तिथल्या चिखलात मी तासभर बसले, एक चप्पल कायमची गमावली, पण किल्ल्यात पाऊल टाकलं नाही. ज्यांना तट आणि बुरूज वाचायचे असतील त्यांनी इथेच थांबावं. मी चार दिवसांत जे पाहिलं ते एवढंसं आहे, आणि त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही.

आधी ओळख करून देते. मी हायस्कुलात चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुग्धा, माझी एकुलती मुलगी, वसईतल्या सांडोर गावच्या ख्रिस्ती घरात सून होऊन गेली त्याला अठरा वर्षं झाली. तिची मुलगी रिया यंदा दहावीला बसली. परीक्षा संपली आणि तिच्या दृढीकरणाचा रविवार ठरला. बाप्तिस्मा आईबापांनी तान्हेपणी दिलेला असतो. मोठं झाल्यावर बिशपांसमोर उभं राहून ‘हा विश्वास आता माझा’ असं मुलांनी आपल्या तोंडाने म्हणायचं, तो हा संस्कार. त्याआधी प्रत्येकाने फादरांना पत्र लिहायचं असतं, मला हे का हवंय म्हणून. बाकीच्या मुलांची पत्रं गेली होती. रियाचा कागद कोरा.

एका दुपारी तिचा फोन आला. “आजी, धर्मशिक्षणात सिस्टर सांगतात देवाने माणूस केला. विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे. मी दोन्हीकडे बरोबर उत्तरं लिहिलीत आणि दोन्हीकडे मार्क मिळालेत. खरं कुठलं? तू सांगशील तसं मी करीन.”

दहा मिनिटांनी तिच्या आईचा फोन. “आई, तू ये. पण रविवारपर्यंत तोंड उघडू नकोस. अठरा वर्षांत या घराने मला एका शब्दाने दुखावलेलं नाही. आता आपल्याकडून त्यांना काही नको.”

म्हणजे नात म्हणते बोल आणि लेक म्हणते गप्प बस. आणि मला तरी काय ठाऊक होतं? माझीच गोष्ट सांगते. आमच्या शाळेत खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. शिपाई घंटेला, चित्रकलेचे सर ब्रशांना आणि मी सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहायचे. मागच्या भिंतीवर माकडापासून माणसापर्यंतचा तक्ता होता. एका वर्षी झेंडूचा एक हार उरला, तो मी सरळ त्या तक्त्याला घातला. चौतीस वर्षांत एका पोराने विचारलं नाही की बाई, हे कसं काय. मीही कधी स्वतःला विचारलं नाही.

गुरुवार, सांडोर

प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. सांडोरला उतरल्यावर मात्र पहिल्यांदा डोळ्यांना गारवा लागतो. एप्रिल संपत आला तरी वाड्या हिरव्यागार, मधूनमधून बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आणि त्याच्या कडेने केळी. आमच्याकडे कृष्णाकाठचा ऊस बांधावर उभा राहिला की रुबाबात दिसतो. इथली केळ घरातल्यासारखी, पडवीला टेकलेली असते.

माझी विहीण रोझीबाई सत्तरीची आहे. घरात ते सगळे त्यांची वाडवळी बोलतात, ती मला चार शब्दांपलीकडे समजत नाही. मी दिसले की विहीणबाई शाळेतली मराठी काढतात, ठेवणीतलं लुगडं काढावं तशी. पोचल्या पोचल्या त्यांनी ताडगोळे सोलून पुढे ठेवले. आम्हा घाटावरच्यांना ते नखाने सोलता येत नाहीत. माझ्या बोटांतून तीन निसटले, दोन कोंबड्यांनी पळवले.

उन्हं उतरल्यावर त्या कोयता घेऊन वाडीत निघाल्या, मागोमाग मी आणि रिया. केळीच्या बुडाशी पिलं फुटली होती, हातभर उंचीची. विहीणबाई वाकायच्या, एक नजर टाकायच्या, आणि सप्‌सप्‌ चार-पाच पिलं आडवी करायच्या.

“सगळी ठेवली तर एकही धड होत नाही,” त्या म्हणाल्या. “एक ठेवायचं.”

“कोणतं ठेवायचं ते कसं ठरवता?”

“हाताला कळतं.”

तोंड उघडायचं नाही हे मी तिथे विसरले. चौतीस वर्षांची खोड, शिकवण्याजोगं काही दिसलं की उसळते. मी रियाला सांगू लागले, की बघ, जंगली केळ्यात गर कमी आणि बियाच बिया. तुझ्या पणजा-खापरपणजांनी पिढ्यानपिढ्या अशी निवड केली म्हणून हे केळं आपल्याला मिळालं. निसर्गातही हेच चालतं, फक्त तिथे निवडणारं कुणी नसतं.

विहीणबाईंनी मान वर केली. “निवड आहे आणि निवडणारा नाही?”

“नाही.”

“मी पंधरा दिवस वाडीत आले नाही तर इथे काय होतं, पाहायला या एकदा.”

माझ्याकडे उत्तर होतं. वर्गात हे उत्तर मी शंभर वेळा दिलं आहे. पण इथे एक तर ते मला त्या केळीपुढे पांगळं वाटलं, आणि दुसरं म्हणजे कोयता त्यांच्या हातात होता.

तेवढ्यात रियाने कापलेलं एक पिलू उचललं. त्याच्या कापाला पाणी सुटलं होतं. “घरची आजी, याने काय केलं होतं?”

विहीणबाईंचा कोयता थांबला. “फुकट नाही जात बाळा. खतात जातं.”

रियाने ते पिलू खाली ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि घरात निघून गेली. आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो, कारण दोघींनाही जोएल आठवला होता.

जोएल म्हणजे रियाचा धाकटा भाऊ. ती सात वर्षांची असताना तो जन्मला आणि मुंबईच्या इस्पितळात तीन दिवस जगला. हृदय नीट घडलेलं नव्हतं. जनुकात चूक आहे, डॉक्टर म्हणाले. त्या साली मी उत्क्रांतीचा धडा शिकवायला उभी राहिले, ‘पेशीत नक्कल होताना क्वचित चूक होते आणि त्यातूनच सजीवांची विविधता’ हे नेहमीचं वाक्य आलं आणि मला पुढे बोलता येईना. वर्ष संपलं तशी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. गुडघे दुखतात असं सांगितलं.

शुक्रवार, तुळिंज आणि संध्याकाळी फादरांकडे

तुळिंजला माझा मावसभाऊ मधू राहतो. तीस वर्षं मुंबईला नोकरी, आता निवृत्त, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. रियाला घेऊन मी त्याच्याकडे गेले. सांडोरहून तिथे गेलं की एकाच महापालिकेत आहोत यावर विश्वास बसत नाही. बाजारातून चालताना माझ्या खांद्यावर एकाची दुधी भोपळ्याची पिशवी आणि पाठीत दुसऱ्याचा प्लास्टिकचा टब लागला, आणि दोघांनीही मलाच ‘आंटी, साइड’ म्हटलं.

मधूला रियाचा प्रश्न सांगितला तसा तो खुर्चीत सरसावून बसला. “त्यात काय एवढं! आपल्याकडे सगळं आधीच सांगून ठेवलंय. मत्स्य, म्हणजे मासा. कूर्म, पाण्यात आणि जमिनीवर. वराह, जनावर. नरसिंह, अर्धा माणूस. वामन, छोटा माणूस. झाली की नाही उत्क्रांती?”

रियाने नीट ऐकून घेतलं. “मधूआजोबा, मग डायनासोर कुठल्या अवतारात?”

मधू म्हणाला, “ते परदेशातले.” मग त्याने बायकोला हाक मारून कांदेपोहे आणायला सांगितले. पोहे उत्तम होते. त्याला मनापासून वाटत होतं की आपण पोरीची अडचण सोडवली, आणि जाताना त्याने तिला पेनही बक्षीस दिलं. मला हसू येत होतं आणि हेवाही वाटत होता. ज्याचा प्रश्न पोह्यांच्या आत सुटतो तो माणूस सुखी.

संध्याकाळी विहीणबाईंनी मला आणि रियाला फादरांकडे धाडलं. मी मनाशी दंड थोपटूनच गेले होते. चुलीत गेलं ते मौन, पोरीच्या डोक्यात सहा दिवसांत जग झाल्याचं भरत असतील तर दोन शब्द सुनावायचे. फादर पन्नाशीचे, पायात रबरी चपला, हातात झारी, कुंडीतल्या अबोलीला पाणी घालत होते.

“बाई, मी बॉटनीचा बी.एस्सी. आहे,” ते म्हणाले. “उत्क्रांतीशी आमचं भांडण नाही. बायबलमधली ती कथा म्हणजे जीवशास्त्राचं पुस्तक नव्हे. कुणी केलं ते ती सांगते. कसं होत गेलं ते तुम्ही शिकवा. देवाने जग एकदाच करून ठेवलं नाही, होत राहील असं केलं, असं मी समजतो.”

आता कुस्तीला उतरावं आणि समोरच्या पैलवानाने म्हणावं, या, चहा घ्या, तसं माझं झालं. मी चहा घेतला. हे आधीच कुणी नीट सांगितलं असतं तर कऱ्हाडहून यायची गरजच नव्हती, असं मनात आलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

रिया चहाला हात न लावता बसली होती. ती म्हणाली, “फादर, देवाने केलं असेल तर जोएलचं हृदय त्यानेच तसं केलं. आपोआप झालं असेल तर जोएल म्हणजे नुसती चूक. यातलं कुठलं ते मला पाहिजे. दोन्ही बरोबर आहेत असं मला सगळे सांगतात. मला दोन्ही नको वाटतात.”

झारीतून उरलेलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तिचा प्रश्न माकडाचा आणि माणसाचा कधी नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. दहावीच्या पुस्तकातल्या धड्याआड तो तिने आठ वर्षं लपवून ठेवला होता.

फादरांनी ठिबकणारी झारी उचलून कुंडीत ठेवली. मग म्हणाले, “मला हे येत नाही, रिया. मीही त्याला हेच विचारतो. पत्र उद्या संध्याकाळपर्यंत दिलंस तरी चालेल. नाही दिलंस तर पुढच्या वर्षी उभी राहा. नाही राहिलीस तरी तू या घरातली आहेस.”

परतताना ती म्हणाली, “आजी, तू काहीच बोलली नाहीस.” आईची आज्ञा आहे, असं मी हसून म्हणाले. ती हसली नाही. मला माझीच लाज वाटली.

शनिवार, पाचूबंदर

सकाळी मी रियाला म्हटलं, चल, मला निवटी दाखव. निवटी हा चिखलातला मासा. पाणी ओसरलं की कल्ल्यांमागच्या पंखांवर भार देऊन चालतो. पाण्यातला जीव जमिनीवर कसा आला असेल हे शिकवताना मी दर वर्षी फळ्यावर त्याचं चित्र काढलं, आणि उभ्या आयुष्यात तो पाहिला नव्हता. कऱ्हाडात मासा म्हणजे मरळ नाहीतर वाम, आणि तीही बाजारात मेलेली.

आम्ही पोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. टोपल्या, ओरडा, बर्फ, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा. आमच्याकडे वाळवणात कुरडया आणि सांडगे असतात, इथे समुद्रच दोरीवर घातलेला. विहीणबाईंच्या ओळखीची मार्था म्हणून एक कोळीण होती. मी निवटी बघायला इतक्या लांबून आले हे ऐकून ती आधी पोटभर हसली.

“खायला येतात लोकं, तू बगायला आली?” मग तिने आम्हाला जेटीच्या मागे नेलं. पाणी ओसरलं होतं. “बस हितं. हलू नको.”

मी पदर खोचून उकिडवी बसले. थोड्या वेळाने चिखलातल्या एका भोकातून दोन डोळे वर आले, डोक्यावर बसवल्यासारखे. मग अख्खी निवटी बाहेर आली, बोटभर लांब, चिखलाच्याच रंगाची. दोन्ही पंख टेकून तिने अंग उचललं, पुढे ढकललं, थांबली. पुन्हा उचललं. मला रडूच यायला लागलं. चौतीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेली ती माझ्यासमोर चालत होती.

“पानी आलं का पोहते, पानी गेलं का चालते,” मार्था म्हणाली. “तू मासोली हाय का बेडूक हाय, तिला कोन इचारीत नाय.”

“मार्थाबाई, हिला देवाने असं केलं का?”

“मंग कोनी? होडी जाताना मी मेनबत्ती लावते, नि इंजिनात डिझल बी बगते. दोनी बगते.” एवढं बोलून ती टोपली उचलून गेली. तिला धंदा होता.

मी रियाला जवळ ओढलं. आनंदात माणसाचा तोल जातो. “बघ, हजारो पिढ्यांत कुठे तरी नक्कल करताना बारीकशी चूक झाली, पंखाचं हाड जरा जाड झालं, आणि त्या चुकीने...” तेच वाक्य, आठ वर्षांपूर्वी वर्गात तुटलेलं.

“थांबू नकोस,” रिया म्हणाली. “त्याच चुकीने जोएल. हो ना? हिला पाय मिळाले आणि त्याला हृदय नाही मिळालं.”

“हो.”

“मग तू तरी सांग. देवाने केलं की नाही?”

मी आयुष्यभर वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हटलेलं नाही. प्रश्न आला नाही तर ‘उद्या सांगते’ म्हणायचे आणि रात्री पुस्तक उघडायचे. त्या चिखलात मी म्हणाले, “रिया, मला माहीत नाही. पण एक गोष्ट आहे, ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही.”

आणि मी तिला सांगितलं. जोएलच्या तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, फार तर दुपारपर्यंत. रियाचे बाबा औषधासाठी खाली गेले होते, मुग्धा गुंगीत होती, विहीणबाई सांडोरला लहानग्या रियापाशी. मी त्यांना फोन केला. पलीकडून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “विहीणबाई, तो बाप्तिस्म्याविना जाता कामा नये. मला पोचायला वेळ नाही. अशा वेळी कुणीही पाणी घातलं तरी होतं. तुम्ही घाला. मी शब्द सांगते.”

मी सूक्ष्मदर्शकाची बाई. स्वर्ग आहे असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. नर्सला विचारलं, हात धुतले, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. काचेच्या पेटीत तो मुठीएवढा. त्याच्या कपाळावर तीनदा थोडंथोडं पाणी ओतलं आणि फोनवर ऐकून एकेक शब्द म्हटला. जोएल, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. झाकण मी परत बाटलीला लावलं.

विहीणबाईंनी गावात ‘बाप्तिस्मा झाला’ एवढंच सांगितलं. कुणी केला हे कुणी विचारलं नाही, सगळे त्यांनीच केला असं धरून चालले. मुग्धाही. आणि मी गप्प राहिले, कारण मला भीती होती. जोएल देवाजवळ आहे या एका वाक्यावर माझी लेक पुन्हा झोपू लागली होती. माझ्यासारखीने, धड विश्वास नसलेलीने, घातलेलं पाणी लागूच पडलं नसेल तर? तर तिची झोपच खोट्यावर उभी. आणि जे मुळी मानतच नाही, ते लागू पडलं की नाही याची काळजी मी का करत होते, हेही मला आजवर कळलेलं नाही.

रियाने माझा चिखलाने भरलेला हात धरला आणि मला उठवू लागली. मी उठले, पण डावी चप्पल आत राहिली. आम्ही दोघींनी कोपरापर्यंत हात घालून शोधली. ती काही मिळाली नाही. एका पायाने लंगडत मी रिक्षापर्यंत आले आणि सगळं पाचूबंदर बघत होतं.

मार्थाने डब्यात निवट्या दिल्या होत्या. विहीणबाईंनी त्यांचं चिंच घालून झणझणीत कालवण केलं. रियाने नको म्हटलं. मी खाल्लं. ‘आई, ती आपली पूर्वज ना?’ असं जावयाने चिडवलं, तर मी म्हटलं, पूर्वज नव्हे, लांबची चुलत. भाऊबंदांना खायची आपल्याकडे जुनीच रीत आहे.

जेवणं झाल्यावर मी मुग्धाला मोरीपाशी गाठून सगळं सांगून टाकलं. रियाला सांगून आईला लपवणं बरं नव्हतं. ती भांडं विसळत होती ते विसळतच राहिली.

“आई, तू तेव्हा म्हणालीस की पेशीत चूक होते, ती कुणाची नसते. त्यावर मी उठून उभी राहिले, नाहीतर मी स्वतःलाच दोष देत होते. इथल्या मम्मी म्हणाल्या तो देवाजवळ आहे, त्यावर मला झोप लागली. मला दोन्ही लागतात. यातलं एकही काढून घेऊ नका कुणी.” मग नळ बंद करून तिने विचारलं, “पाणी गार होतं का गं?”

“कोमट होतं. बाटली माझ्या पिशवीत होती.”

ती हो म्हणाली आणि रडू लागली, आणि मीही.

संध्याकाळी रियाने पाकीट बंद करून फादरांकडे नेऊन दिलं. आत काय लिहिलं ते कुणाला दाखवलं नाही.

रविवार, चर्च

पांढऱ्या कपड्यांतली मुलं रांगेत, बायकांच्या केसांत मोगरा, अंगणात स्कूटरींची दाटी. आमच्याकडे मुंजीत असते तशीच धावपळ, कुणाची टाचणी हरवलेली, कुणाचा मामा यायचा राहिलेला. मी विहीणबाईंच्या चपला घालून आले होते, त्या मला एक नंबर मोठ्या होत्या.

फादर बिशपांच्या वाटेकडे डोळे लावून फाटकाशी उभे होते. मी फटफट चालत त्यांना गाठलं.

“फादर, एक विचारायचं आहे. देवावर धड विश्वास नसलेल्या बाईने पाणी घातलं, तर ते चालतं का?”

ते माझ्याकडे वळले. त्यांनी रियाचं पत्र वाचलेलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं. “पाणी होतं?”

“होतं.”

“शब्द नीट म्हटले?”

“विहीणबाईंनी सांगितले तसे. एकही गाळला नाही.”

“आणि त्या लेकराला ते खरोखर मिळावं असं तुम्हाला वाटत होतं?”

“त्या घटकेला जगात दुसरं काही वाटत नव्हतं.”

“मग चाललं, बाई. आठ वर्षांपूर्वीच चाललं.”

मी बाजूच्या नळाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि मनसोक्त रडले. एका अनोळखी मुलीने पर्समधून कागदी रुमाल दिला आणि कोण वारलं म्हणून विचारलं. मी कुणी नाही म्हटलं.

आत गेले तेव्हा बिशप आले होते. विहीणबाईंनी मला शेजारी जागा धरून ठेवली होती. पत्राच्या मजकुराची कल्पना नसल्याने रिया आयत्या वेळी मागे फिरेल अशी धास्ती मुग्धाला होती. ती दर मिनिटाला रांग मोजत होती. रियाची पाळी आली. मागे तिची धर्ममाता, म्हणजे जावयाची बहीण, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी. बिशपांनी कपाळावर तेलाने क्रूस काढला. जिथे मी जोएलला पाणी घातलं होतं, नेमकी तीच जागा. रियाने ‘आमेन’ म्हटलं, ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. मुग्धाने श्वास सोडला.

जेवायला फुगे होते, म्हणजे पिठाचे तळलेले गोल गोळे, आत पोकळ आणि मऊ. आमच्याकडच्या गुलगुल्यांचे ते लांबचे भाऊ, फक्त गोड कमी आणि सोबत झणझणीत रस्सा. मी सात खाल्ले.

सोमवारी निघताना रियाने माझ्या पिशवीत एक घडी केलेला कागद टाकला. “पत्राचा कच्चा कागद. घरी जाऊन वाच.” मी हो म्हटलं, आणि गाडीत वाचला नाही. दिलेला शब्द पाळावा लागतो, विशेषतः नातीला दिलेला.

कऱ्हाडला आले, दिवा लावला, कागद उघडला. वहीचं पान, अर्ध्याहून जास्त खोडलेलं. उरलं होतं ते असं.

‘प्रिय फादर, देवाने आपल्याला केलं की आपण होत गेलो हे मला कळलं नाही. माझा भाऊ चूक होता की देवाची मर्जी होती तेही नाही कळलं. मी दोघी आज्यांना विचारलं, तुम्हालाही विचारलं. पण माझ्या कऱ्हाडच्या आजीला काहीच पटलेलं नव्हतं तरी तिने त्याला पाणी घातलं, कारण तो तिथे होता. मला तेवढं करायचं आहे. एवढ्यावर उभं राहता येत असेल तर मी उभी राहीन.’

मी दोनदा वाचलं. सवयीने हातात लाल पेन आलं होतं. निवड आहे आणि निवडणारा नाही हे मी आजही शिकवीन, आणि येत्या खंडेनवमीला कपाटातला सूक्ष्मदर्शक काढून त्याला कुंकूही लावीन. हे एकमेकांत कसं बसतं ते माझ्याच्याने सुटलेलं नाही. पानावर मी चूक शोधली, ती सापडेना. गुण द्यावेत तर किती, तेही कळेना. म्हणून पोरांच्या वह्यांवर करायचे तसं खाली ‘पाहिले’ एवढं लिहिलं आणि सही केली.